शाळेतल्या मुलांकडून बेडकांची नोंद: कशी घ्यावी, कुठे चुकते

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातलं मराठी माध्यमाचं हायस्कूल, इको क्लबमध्ये आठवी-नववीची तीसेक मुलं, हाताशी पैसे जेमतेम. पावसाळ्यात बेडकांची पाहणी करायची आहे. सुरुवात कुठून करावी, मुलांना धोका किती, आणि जमलेल्या नोंदींचं पुढे काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे 'आमच्या गावात किती जातींचे बेडूक आहेत' हा प्रश्न बाजूला ठेवा. तो तज्ज्ञांनाही अवघड जातो आणि त्यापायी मुलं बेडूक पकडू लागतात. त्याऐवजी 'ठरलेल्या पाच जागांवर, ठरलेल्या वेळी, काय ऐकू येतं' एवढंच विचारा. दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने ऐकणं हे बाहेरून येणाऱ्या संशोधकाला परवडत नाही. तिथेच राहणाऱ्या मुलांना ते सहज जमतं. त्यामुळे आखणी करताना एकच कसोटी लावा: तुम्ही नसताना नववीतली मुलगी हे काम जसंच्या तसं करू शकेल का?

कर्नाटकातलं शाळेचं वेळापत्रक या कामाला फार सोयीचं आहे. शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत भरते, म्हणजे मृगाच्या सरी येतात तेव्हा मुलं वर्गात असतात. शनिवारी सकाळची शाळा, रविवारी सुट्टी; म्हणून पाहणी शनिवारी संध्याकाळी ठेवा. जून-जुलैत दर शनिवारी, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एक शनिवार आड.

जागा निवडताना शाळेपासून किंवा वस्तीपासून चालत जाता येईल एवढंच अंतर धरा. पाच बिंदू पुरे: भाताच्या शिवाराचा बांध, गावतळ्याची कड, ओहोळाजवळची उंच सुरक्षित जागा, चिऱ्याच्या जुन्या खाणीतलं डबकं (ऐकायचं काठापासून लांब उभं राहून), आणि झाडीची कुंपणं असलेली पाणंद. दोन बिंदूंमध्ये किमान ३०० मीटर सोडा, नाहीतर एकाच डबक्यातला गोंधळ दोनदा मोजला जातो. मोठ्या बेडकाचा आवाज त्याहूनही लांब जातो, म्हणून वहीत 'समोरच्या १०० मीटरच्या आतलं' आणि 'लांबून येणारं' असे दोन रकाने ठेवा. बिंदूवर खुणेचा दगड किंवा खांब हवा आणि तोंड कुठल्या दिशेला करून उभं राहायचं तेही लिहिलेलं हवं. पाचही जागा सुंदर असाव्यात असा आग्रह नको. बसस्टँडमागचं घाणेरडं गटार हा उत्तम बिंदू असतो, कारण पुढच्या दहा वर्षांत बदल तिथेच होणार आहे.

वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची. आपल्याकडे जूनअखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरात सहाच्या आसपास. त्यामुळे घड्याळाची वेळ पक्की न ठेवता सूर्यास्तापासून मोजा. बिंदूवर पोचल्यावर टॉर्च बंद करून २ मिनिटं गप्प उभं राहायचं, कारण माणसाच्या चाहुलीने जवळचे नर ओरडायचे थांबतात. मग ५ मिनिटं ऐकायचं. प्रत्येक आवाजाला ० ते ३ अंक द्यायचा.

० म्हणजे ऐकलं, पण आवाज आला नाही.
१ म्हणजे आवाज सुटे सुटे, किती बेडूक ते मोजता येतात.
२ म्हणजे आवाज एकमेकांवर चढतात, तरी अंदाज करता येतो.
३ म्हणजे अखंड गजर, मोजणं अशक्य.

ही मोजपट्टी अमेरिकेत स्वयंसेवकांच्या पाहणीत वर्षानुवर्षं वापरली गेली आहे आणि शाळकरी मुलांना अर्ध्या तासात समजते.

सगळ्यात जास्त नासाडी शून्यापाशी होते. काही ऐकू आलं नाही की मुलं रकाना मोकळा सोडतात. दोन वर्षांनी तो मोकळा रकाना पाहून कुणालाच सांगता येत नाही की बेडूक नव्हते, मुलं गेली नव्हती, की जोराच्या पावसात काही ऐकूच आलं नाही. म्हणून तीन वेगळ्या खुणा पहिल्या दिवशी शिकवा: गेलो आणि आवाज नव्हता तर '०', गेलोच नाही तर '—', गेलो पण पावसाने, ट्रॅक्टरने किंवा लाऊडस्पीकरने ऐकू आलं नाही तर 'X'. गणेशोत्सवातले दहा दिवस बेळगावच्या आसपास बहुतेक बिंदूंवर 'X' पडणार हे धरूनच चला. पत्र्याच्या शेडखाली उभं राहून ऐकू नये. पावसात पत्रा एवढा वाजतो की बेडूक ओरडत असूनही मुलं ० लिहून मोकळी होतात.

दुसरी चूक म्हणजे हुशार मुलगा मोठ्याने 'तीन!' म्हणतो आणि बाकीचे तेच उतरवतात. दोन मुलांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचं आणि परत आल्यावर ताडून पाहायचं. एका अंकाचा फरक चालतो, तेव्हा दोन्ही अंक ठेवा. दोन अंकांचा फरक वारंवार पडत असेल तर त्या जोडीला पुन्हा रेकॉर्डिंग ऐकवा. खाडाखोड रबराने करू नये. चुकलेल्या अंकावर एक रेघ मारून शेजारी बरोबर अंक लिहावा.

ओळख आवाजांवरून, आणि तीही मोजक्या आवाजांपासून. मोठा पिवळा बेडूक 'डरांव' करतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्या मोठ्या पावसात त्याचे नर लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. अंगभर खडबडीत गाठी असलेला भेक लांबलचक, एकसुरी 'कुर्रर्र' काढतो. न्हाणीघरात, टाकीच्या कडेला सापडणारा झाडबेडूक लाकडावर टिचकी मारल्यासारखा 'टक्-टक्-टक्' करतो. नखाएवढ्या चिमुकल्या बेडकाचा आवाज कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढल्यासारखा असतो आणि अंगाच्या मानाने फारच मोठा. तळ्यात डोळे वर काढून तरंगणारा, चाहूल लागताच पाण्यावरून उड्या मारत पळणारा बेडूक आवाजापेक्षा वागण्यावरून लवकर ओळखू येतो. पाणंदीतल्या झुडपांतून 'टिक्-टिक्' येते ती झुडपी बेडकांची.

भाताच्या खाचरातल्या छोट्या तपकिरी बेडकांच्या बाबतीत मात्र जातीचं नाव लिहू देऊ नका. या गटातल्या अनेक जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की फोटोवरून अभ्यासकही ठामपणे सांगत नाहीत. 'खाचरातला छोटा बेडूक, गट' एवढंच पुरे. चुकीच्या नावापेक्षा प्रामाणिक गट बरा. जूनमध्ये पहिले दोन शनिवार तुम्हीच मोबाइलवर एकेका आवाजाची एक मिनिटाची फीत घ्या आणि त्यातून वीस तुकड्यांची परीक्षा काढा. सोळा बरोबर आले तर त्या मुलाने बेडकाचं नाव लिहावं, नाहीतर फक्त अंक. बिंदूवर उभं राहून रेकॉर्डिंग वाजवू नका; नर त्यालाच उत्तर देऊ लागतात आणि नोंद बिघडते.

फीत सुरू करताना तारीख, वेळ आणि बिंदू क्रमांक तोंडाने बोला. फाइलचं नाव हरवलं तरी आवाज सांगतो. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्यातली जागेची माहिती गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

फक्त शनिवारच्या पाहणीवर भिस्त ठेवली तर मोठा बेडूक बहुधा निसटेल. त्याचा विणीचा गोंधळ दोन-चार रात्रींचाच असतो, आणि वळवाचा जोरदार पाऊस झाला तर शाळा भरण्याआधीच उरकतो. यासाठी घरचा बिंदू ठेवा. प्रत्येक मुलाने रोज रात्री जेवणानंतर अंगणात किंवा ओसरीवर उभं राहून ५ मिनिटं ऐकायचं आणि कॅलेंडरच्या चौकोनात एक अक्षर लिहायचं: 'म' मोठा बेडूक, 'भ' भेक, '०' काही नाही. रात्री बाहेर पाठवायला ज्या मुलींच्या घरचे तयार नसतात त्यांनाही यात पूर्ण वाटा मिळतो. तीस घरांची ही कॅलेंडरं एकत्र लावली की गावात पहिला गोंधळ कुठल्या तारखेला, किती पावसानंतर झाला हे कळतं. अख्ख्या उपक्रमातली ही सगळ्यात किमती नोंद आहे.

त्यासाठी पाऊस मोजावा लागेल. १० सेंटीमीटर आतला व्यास असलेलं सरळ काठाचं फनेल आणि बाटली पुरते. या मापाच्या फनेलमध्ये १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ७.८५ मिलिलिटर पाणी; प्रयोगशाळेच्या मोजपात्राने मोजून ७.८५ ने भागा. एक लिटरची बाटली १२७ मिलिमीटरला भरून वाहते आणि कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत एका दिवसात तेवढा पाऊस सहज पडतो, म्हणून दोन लिटरची घ्या. यंत्र उघड्यावर, झाड-छपरापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच आणि न हलणारं हवं. रोज सकाळी ८.३० ला मोजा. हवामान खात्याची वेळ तीच आहे, त्यामुळे त्यांच्या आकड्यांशी ताडता येतं. रविवारी कोण मोजणार ते आधीच ठरवा, नाहीतर सोमवारी दोन दिवसांचा पाऊस एका दिवसाच्या नावावर जमा होतो.

दिवसाउजेडीचं काम म्हणजे अंडी. लहान वर्गांना हेच द्या. डबक्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला दिसतो. ते झाडबेडकांचं घरटं, आणि घाटाच्या बाजूला हिरव्या उडत्या बेडकाचंही. भेकाची अंडी पाण्यात काळ्या मण्यांच्या माळेसारखी लांब असतात. फेसाचं घरटं एकदा सापडलं की त्याला क्रमांक द्या, पण चिठ्ठी पानाला न बांधता खालच्या खोडाला बांधा. एक दिवसाआड पाहायचं आणि एकच शब्द लिहायचा: ओलं, सुकलं, गळालं, फुटलं. साधारण आठवडाभरात पिल्लं खाली पाण्यात पडतात. घरटं वाया जातं ते बहुतेक तीन कारणांनी: उघडीप पडून खालचं पाणी आटतं, फेसात उडणाऱ्या माश्यांच्या अळ्या होतात, किंवा रस्त्याकडेची साफसफाई करताना फांदीच छाटली जाते. पहिल्या दोन कारणांवर इलाज करू नका. तिसऱ्यावर मात्र मुलं काही करू शकतात: पंचायतीत यादी द्यायची आणि तेवढ्या फांद्या ऑगस्टअखेरपर्यंत ठेवायला सांगायचं.

बेडूकमासे वर्गात आणून बाटलीत वाढवण्याचा मोह होतो. नका करू. नळाच्या क्लोरीनने आणि गर्दीने ते मरतात आणि शेवटी पाणी भलत्याच डबक्यात ओतलं जातं. पांढऱ्या ट्रेमध्ये त्याच डबक्याचं पाणी घेऊन पाच मिनिटं पाहायचं आणि तिथेच सोडायचं. एका गावचे बेडूक दुसऱ्या गावात नेणं तर पूर्ण वर्ज्य. कातडीचा बुरशीजन्य रोग, कायट्रिड, उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत आढळला आहे आणि तो चिखलाच्या बुटांवरूनही जातो. एकाच दिवशी दोन गावांत जायचं असेल तर बुटांचा चिखल ब्रशने काढा आणि घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग अशा मिश्रणात १० मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने धुवा. ते पाणी ओढ्यात ओतू नका.

देवगांडुळांचा रकाना वेगळा ठेवाच. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर खानापूरकरांनी खास आपला मानावा असा आहे: तालुक्यातल्या चोर्ला गावातून २००७ मध्ये म्हादई नदीच्या नावाचं एक देवगांडूळ आणि २०११ मध्ये पिवळ्या पट्ट्याचं, चांगलं लांब असं दुसरं, अशा दोन जाती शास्त्राला नव्याने कळल्या. (शेजारच्या जोयडा तालुक्यातल्या कॅसलरॉकवरून १९१९ मध्ये वर्णन झालेल्या झुडपी बेडकाच्या शास्त्रीय नावात मात्र मुंबई आहे. मुलांना ही गंमत आवडते.) बांध खणताना किंवा शेणखताच्या ढिगात देवगांडूळ निघालं की साप समजून मारलं जातं. ओळख अशी: अंगावर वळ्या, पण गांडुळासारखा जाड पट्टा नाही, तोंडाला जबडा आहे, पण सापासारखी जीभ लवलवत नाही आणि डोळे जेमतेम ठिपक्याएवढे. सापडलं तर शेजारी पट्टी ठेवून वरून एक आणि डोक्याचा बाजूने एक फोटो, मग ओल्या मातीत ठेवून वर माती लोटायची. ठाम ओळख पटेपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम मुलांसाठी कायम.

आता धोक्याचं. बेडूक असतात तिथे साप असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडे आहेत आणि चोर्ल्याकडे चापडाही. गमबूट आणि प्रत्येकाच्या हाती टॉर्च नसेल तर बांधावर जाऊ नये, रस्त्यावरूनच ऐकावं. दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस, पालकांची लेखी संमती, आणि सर्पदंशाची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे जूनमध्येच विचारून ठेवलेलं. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. पायाला जखम असेल तर खाचराच्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर पाहणी तिथेच थांबवा. जळवा चिकटल्या तर नखाने खरवडून काढा. मीठ-तंबाखू पाण्याकाठी टाकलं तर बेडकांच्या ओल्या कातडीला तेच बाधतं. जंगलाच्या आत रात्रीची पाहणी शाळकरी मुलांनी करूच नये. गवे, अस्वलं आहेत, हत्तीही येतात. भीमगड अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊल नको. वनखात्याकडे अर्ज कानडीत द्या आणि नोंदवहीत 'बेडूक'शेजारी 'कप्पे' असा कानडी रकानाही ठेवा, म्हणजे तीच वही पंचायतीत आणि आरएफओच्या (वनक्षेत्रपालांच्या) कचेरीत तशीच चालते.

संवर्धनाच्या नावाखाली फलक रंगवण्यापेक्षा चार कामं करा. तणनाशक फवारल्यावर पंप तळ्यात किंवा ओहोळात धुतला जातो. तो बांधापासून लांब, कोरड्या जमिनीवर धुवायला घरी सांगणं मुलांना जमतं. डासांसाठी वाटले जाणारे गप्पी मासे घराच्या हौदात ठीक आहेत, पण शिवारातल्या हंगामी डबक्यात सोडले तर बेडकांची अंडी-पिल्लं खातात. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्या बेडकांसाठी खरबरीत काथ्याचा जाड दोर पाण्यापर्यंत सोडावा. प्लास्टिकच्या दोरावर ते घसरतात. विहिरीचं काम मोठ्यांनी करायचं.

चौथं काम पकडणाऱ्यांचं. मोठ्या बेडकाच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ मध्ये बंद केली, तरी गोव्याकडच्या मागणीमुळे पहिल्या पावसात रात्री पोती घेऊन फिरणारे दिसतात. बेडूक पकडणं-विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मुलांनी त्यांना हटकायचं नाही. जागा आणि वेळ शिक्षकांना सांगायची, शिक्षकांनी वनखात्याला. आणि 'आमच्या तळ्यावर काय गजर चाललाय' असा व्हिडिओ जूनमध्ये जागेच्या नावासह टाकायचा नाही. पकडणारेही मोबाइल पाहतात. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद शाळेच्या खात्यातून, जागा धूसर ठेवून आणि मुलांची नावं वगळून चढवा.

शाळेच्या आवारात जागा असेल तर एप्रिल-मेमध्ये छपराचं पाणी येतं तिथे ३ मीटर बाय २ मीटरचं डबकं खणा. मध्यभागी खोली ३० सेंटीमीटरच, काठ सगळीकडून उतरते. तांबड्या जांभ्यात पाणी टिकत नाही. तळाला काळ्या चिकणमातीचा वीतभर थर तुडवून बसवा. दिवाळीनंतर ते आटू द्या. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत आणि बेडकांना तेच हवं असतं. अंडी आणून टाकायची गरज नाही, ते आपणहून येतात.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून 'बेडूक कमी झाले' असं लिहू नका, वर्तमानपत्राने विचारलं तरी. तीन वर्षांनी पहिल्या गजराची तारीख आणि तोवरचा पाऊस यांचा तक्ता भिंतीवर लावता येईल. कुठला बिंदू गप्प होत चालला ते पाचव्या वर्षाच्या सुमाराला दिसू लागेल. दरवर्षी नोव्हेंबरात एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. गावच्या जैवविविधता नोंदवहीत अशी स्थानिक माहिती यावी हीच त्या समितीची जबाबदारी आहे. दुसरी प्रत वनखात्याला.

हा उपक्रम बहुतेक वेळा शिक्षकाच्या बदलीने मोडतो. वही कपाटात राहते आणि नव्या बाईंना ती कशाची ते कळत नाही. म्हणून नोंदवही, पर्जन्यमापक आणि बिंदूंचा नकाशा शाळेच्या साठा रजिस्टरात चढवा, म्हणजे चार्ज देताना त्या सही करूनच घ्याव्या लागतात. एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) जूनच्या बैठकीत विषय ठेवा. आणि नववीच्या प्रत्येक मुलाने मार्चपूर्वी आठवीतल्या एकाला वीस तुकड्यांची परीक्षा पास करून द्यायची, मगच त्याने वही सोडायची.